होमस्कूलिंगबद्दल मंडळ्यांमध्ये फिरणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. ज्यांच्यापर्यंत तो पोहोचला नसेल त्यांच्यासाठी तो काय म्हणतो ते थोडक्यात सांगते: मुलांना घरी शिकवणारे ख्रिस्ती पालक कायदा मोडतात, त्यांना दंड आणि अटक होऊ शकते. अशा मुलांना दहावी देता येत नाही, मग डॉक्टर-इंजिनिअर होणं तर लांबच. आई शिक्षिका नसेल तर तिने शिकवायच्या भानगडीत पडू नये. ही मुलं एकलकोंडी होतात. मिशनऱ्यांनी रक्त आटवून शाळा उभ्या केल्या आणि आपण मुलं घरात कोंडतो आहोत. आणि शेवटी, एकदा शाळा सोडली की परतीचं दार बंद.

आम्ही घरी शिकवतो. गेल्या काही दिवसांत दोन तरुण आयांनी हा मजकूर मला पाठवून "ताई, हे खरं आहे का?" असं विचारलं. दोघींच्या आवाजात भीती होती. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते आहे.

आधी कायदा, कारण झोप उडते ती त्यानेच. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१०ला. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क त्याने दिला. त्यातल्या कलम १० मध्ये मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे असं लिहिलेलं आहे. मेसेज लिहिणाऱ्याने हे कलम हवेतून आणलेलं नाही, आणि "असं काही नाहीच" म्हणून आपणही ते उडवून लावू नये. पण याच कायद्यात हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकाला दंड किंवा कैद सांगणारं एकही कलम नाही. घरी शिकवण्याला परवानगी देणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही आणि त्याला गुन्हा ठरवणाराही नाही. देशभर अनेक कुटुंबं याच मोकळ्या जागेत मुलांना शिकवत आहेत. अटकेची गोष्ट निव्वळ भीती घालण्यासाठी आहे.

दंड आहे, पण तो वेगळ्या गोष्टीला, आणि इथे आपल्या लोकांनी फार जपून राहायला हवं. कलम १८ प्रमाणे मान्यता न घेता शाळा चालवली तर एक लाख रुपयांपर्यंत दंड होतो, आणि तरीही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. आता विचार करा. सहा-सात कुटुंबं एकत्र आली, मंडळीचा हॉल घेतला, एक बाई पगारावर ठेवल्या, रोज नऊ ते एक वर्ग भरवला आणि वर फी घेतली. मनात हेतू होमस्कूलिंगचा असला तरी उद्या कुणी त्याला विनामान्यता शाळा म्हटलं तर काय उत्तर देणार? रोजचं शिकवणं ज्याच्या त्याच्या घरी होऊ द्या. आठवड्यातून एखादा दिवस खेळ, प्रयोग, गाणी यासाठी एकत्र या, आणि कुठल्याही कागदावर त्याला "शाळा" म्हणू नका.

शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण करणारे शिक्षक दारात आले तर त्यांना घाबरून आत पळू नका. पाणी विचारा, बसवा आणि मुलाच्या वह्या दाखवा. ते त्यांचं काम करत असतात. वीटभट्टीवर, सिग्नलवर राबणारी मुलं त्यांना शोधायची असतात आणि ते काम मोलाचं आहे. त्यांना दाखवायला घरात एक नोंदवही हवी: तारीख, काय वाचलं, कोणतं गणित केलं, कुठे गेलो. आठवड्यातून एकदा अर्धा तास बसलं तरी भरून होते. सोबत मुलाच्या कामाचे नमुने एका फायलीत लावत जा. जन्मदाखला, आधार आणि आधीच्या शाळेचा दाखला असेल तर तोही त्याच फायलीत.

"दहावी देता येत नाही" हे तर सरळसरळ खोटं आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, १९८९ पासून हेच काम करते आहे. तिचं विभागीय केंद्र आपल्या पुण्यातच आहे. वयाची चौदा वर्षं पूर्ण झाली की दहावीला नोंदणी करता येते, आणि मूल कधीच शाळेत गेलं नसेल तरी अभ्यास झाल्याचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र चालतं. पाच विषय घ्यायचे. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा होतात. नोंदणी पाच वर्षं टिकते, तेवढ्यात नऊ संधी मिळतात, आणि पास झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. दहावी मराठी माध्यमातूनही देता येते, हे आपल्या बऱ्याच पालकांना माहीतच नसतं.

राज्य मंडळाचा सतरा नंबर फॉर्म हा दुसरा रस्ता. त्यात खाजगी विद्यार्थी म्हणून एसएससीला बसता येतं, पण फॉर्म भरताना शाळा सोडल्याचा दाखला मागतात. म्हणून पहिली-दुसरीपासून घरीच असलेल्या मुलाने या रस्त्यावर विसंबून राहू नये. शिवाय राज्याचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळही आहे, तिथे पाचवी आणि आठवीच्या पातळीच्याही परीक्षा होतात. ज्या आजी-आजोबांना "हातात काहीतरी कागद हवा" असं वाटतं, त्यांचं मन त्याने शांत होतं, आणि त्यांचं म्हणणं काही चूक नाही. कुठला रस्ता घ्यायचा हे मूल अकरा-बारा वर्षांचं असतानाच ठरवा. चौदाव्या वर्षी धावपळ करणारी घरं मी पाहिली आहेत. तिथे आधी आई रडते आणि मग मूल.

आणि डॉक्टरकीचं म्हणाल, तर मुक्त विद्यालयाच्या मुलांना नीटला बसू न देणारी अट एकेकाळी खरोखर होती. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती रद्द केली. मेसेजमधली माहिती त्याआधीची असावी.

आईच्या पात्रतेचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. बी.एड., डी.एड.ची अट शाळेत नेमणूक होणाऱ्या शिक्षकाला आहे, स्वतःच्या लेकराला वाचायला शिकवणाऱ्या आईला नाही. बालभारतीची पहिलीपासूनची पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. ती समोर ठेवली तर कोणत्या वर्गात साधारण काय यायला हवं ते कळतं. लहान मुलांना दोन-अडीच तास मन लावून केलेला अभ्यास पुरतो, कारण चाळीस मुलांची हजेरी आणि गोंगाट घरात नसतो. रोज थोडं गणित, रोज मोठ्याने वाचन, आणि वाचलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगणं. या तीन गोष्टी चुकवू नका, बाकीचं मागेपुढे झालं तरी चालतं.

परत सांगण्याने काय होतं ते एका उदाहरणाने सांगते. बायबलमधल्या लूकच्या दहाव्या अध्यायातली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट वाचून झाली आणि धाकटा ती परत सांगत होता. उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले, इथे येऊन तो थांबला. दोन दिनार म्हणजे किती? मग मत्तयचा विसावा अध्याय काढला. तिथे द्राक्षमळ्यातल्या मजुराला दिवसाचा एक दिनार ठरला होता. म्हणजे दोन दिवसांची मजुरी. तेवढ्याने त्याचं समाधान होईना. शेजारच्या बांधकामावरच्या गवंडीकाकांना त्याने जाऊन दिवसाची मजुरी विचारली, घरी येऊन त्याची दुप्पट केली, आणि मग बराच वेळ गप्प बसून म्हणाला, "अनोळखी माणसासाठी एवढे?" त्या सकाळी वाचन झालं, गुणाकार झाला, शेजारच्या कष्टकरी माणसाशी बोलणं झालं, आणि वचन मनात उतरलं. यासाठी मला कुठलीच पदवी लागली नाही. वेळ लागला, आणि त्याच्या प्रश्नामागे जायची तयारी लागली.

मात्र एकट्या आईवर सगळं टाकलं तर हे टिकत नाही. हे मी आपल्या मंडळीतल्या भावांना उद्देशून लिहिते आहे. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना लेकरांशी बोलत राहायला सांगितलं आहे, आणि ते सांगणं फक्त बायकांना नाही. संध्याकाळचं गणित किंवा शनिवारचं विज्ञान वडिलांनी घ्यावं. आठवड्यातली एक दुपार आईला एकटीला मिळावी, त्यात तिने झोपावं, वाचावं किंवा नुसतं कॅम्पात फिरून यावं. आई थकून चिडचिडी झाली की सगळ्यात सुंदर अभ्यासक्रमही त्या घराला जड होतो.

एकलकोंडेपणाची शंका मात्र मी झटकून टाकणार नाही. ती खरी ठरलेली घरं आहेत. पालक शाळेला घाबरून मूल घरी आणतात, मग शेजाऱ्यांना घाबरतात, आणि शेवटी मुलाचं जग आई, बाबा आणि रविवारची उपासना एवढंच उरतं. लूक २:५२ मध्ये येशू ज्ञानाने आणि शरीराने वाढत गेला, तसाच देवाच्या आणि माणसांच्या कृपेतही, असं सांगितलं आहे. त्यातल्या माणसांना वगळून कसं चालेल? संध्याकाळी सोसायटीच्या मैदानावर मूल रोज दिसलं पाहिजे. वेताळ टेकडीवर, पोहायच्या तलावावर, तबल्याच्या किंवा कराटेच्या वर्गात त्याला वेगवेगळ्या घरांतले, वेगवेगळ्या धर्मांचे मित्र मिळाले पाहिजेत. आयुकातली मुक्तांगण विज्ञान शोधिका, केळकर संग्रहालय, एम्प्रेस गार्डन हे सगळं पुण्यात हाताशी असताना मूल चार भिंतींत वाढलं तर दोष होमस्कूलिंगचा नाही, आपला.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला संकोच वाटतो. घराबाहेरची निदान दोन मोठी माणसं अशी हवीत, ज्यांच्याशी मूल आईवडिलांच्या गैरहजेरीत मोकळेपणाने बोलू शकेल: शब्बाथ शाळेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या वर्गाच्या, शिक्षिका, मावशी, खेळाचे सर. शाळेत मुलावर आपसूक चार जणांची नजर असते. घरी शिकवताना ती नजर आपण मुद्दाम मिळवून द्यायला हवी. जो पालक याला विरोध करतो त्याच्याबद्दल मला काळजी वाटते.

आता मिशनऱ्यांचा मुद्दा. त्यांनी शाळा काढल्या हे आपल्या अभिमानाचंच आहे. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. पण त्या शाळा निघाल्या कारण मुलींना आणि खालच्या मानलेल्या जातींना कुणी शिकू देत नव्हतं. शिक्षण फक्त शाळेच्या इमारतीतच होतं, असं त्यामागे म्हणणं नव्हतं. पंडिता रमाबाईंचंच पाहा. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाई लहानपणी कुठल्या शाळेत शिकल्या? अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्या आईने, लक्ष्मीबाईंनी, लेकीला. पुढे १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलं, ते या घरच्या शिक्षणावर. तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या. बाप्तिस्मा १८८३ चा. त्याच रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं आणि नंतर केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, जिथे मुलींनी अक्षरांसोबत छपाईसारखी हातांची कामंही शिकून घेतली. घरी शिकलेल्या बाईने शाळा काढल्या. यात तिला काहीच विसंगत वाटलं नाही, मग आपल्याला का वाटावं?

म्हणूनच उलट्या बाजूचंही एक वाक्य आपल्यातल्या काहींनी बंद करावं: "मुलांना शाळेत पाठवणारे विश्वासात कमी." आपल्या मंडळ्यांत कितीतरी शिक्षक-शिक्षिका आहेत, त्यांच्या वर्गात रोज सेवा घडते. असं बोलून आपण त्यांना दुखावतो आणि घरी शिकवण्याचं नावही खराब करतो.

राहिलं परतीचं दार. शिक्षणहक्क कायद्याचंच कलम ४ वाचा. सहा वर्षांवरचं जे मूल शाळेत नाही किंवा ज्याचं प्राथमिक शिक्षण अर्धवट राहिलं आहे, त्याला वयाप्रमाणे योग्य वर्गात प्रवेश द्यायचा आणि मागे पडलं असेल तर खास प्रशिक्षणही द्यायचं, असा त्यात मुलाचा हक्क आहे. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही. आजारपण आलं, नोकरी गेली, आईची तब्येत ढासळली, किंवा मूलच म्हणालं की मला शाळेत जायचंय, तर निःशंक मनाने जा. महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटा आणि लेखी अर्ज द्या. अर्जात कलम ४ चा उल्लेख करा, पोच घ्या, आणि ती नोंदवही नि वह्यांची फाईल सोबत न्या, म्हणजे कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवणं त्यांना सोपं जाईल.