आधी तारीख विचारा

कुठे हल्ला झाल्याची बातमी फोनवर आली की लगेच हळहळायला लागू नका. हळहळ फुकट जायची शक्यता असते. आधी त्या दिवशी दिल्लीत कुणाचं सरकार होतं ते बघा, मग राज्यात कुणाचं ते बघा, आणि त्यानंतरच ठरवा की तुम्हाला राग आलाय की दुःख झालंय. सरकार त्यांचं असेल तर राग, आपलं असेल तर दुःख. दोन्ही एकदम आलं तर तुम्ही राजकारणाच्या कामाचे नाही. निमूटपणे मेणबत्ती घेऊन चौकात जा.

पुढचा धडा व्याकरणाचा. त्यांच्या राज्यात हल्ला 'होऊ दिला' जातो, आपल्या राज्यात तो 'होतो'. त्यांच्या वेळी गुप्तचर झोपा काढत असतात आणि गृहमंत्री कपडे बदलत असतो. आपल्या वेळी शेजारी देश भ्याड असतो, बाकी कुणी काही नसतं. वर 'ही राजकारण करण्याची वेळ नव्हे' हे वाक्य फोनमध्ये साठवून ठेवावं, सारखं लागतं. आमचे एक काका हल्ली हेच वाक्य दिवसातून दोनदा घरच्या ग्रुपवर टाकतात. २००८ साली हेच काका दिवाणखान्यात उभे राहून ओरडत होते की आत्ता नाही विचारायचं तर काय तेराव्याला विचारायचं? दोन्ही वेळी त्यांचा आवाज सारखाच भरून आला होता, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

आता सव्वीस-अकराच घ्या. दहा जण समुद्रातून आले, १६६ जीव गेले. ताजमध्ये गोळीबार चालू असतानाच, २८ नोव्हेंबरला, गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री मुंबईत येऊन ओबेरॉयबाहेर पत्रकारांशी बोलले आणि पंतप्रधानांच्या भाषणाने निराशा झाली म्हणाले. दिल्ली विधानसभेचं मतदान तोंडावर होतं, वर्तमानपत्रांत 'दुबळं सरकार' म्हणणाऱ्या जाहिराती झळकल्या. याला राजकारण म्हणायचं नाही हं. चकमक चालू असताना सरकारला जाब विचारणं हा जागरूक नागरिकाचा धर्म आहे, फक्त तो धर्म मे २०१४ पर्यंतच लागू होता. (दिल्लीकरांनी त्या निवडणुकीत शीला दीक्षितांनाच पुन्हा बसवलं. पण ते आपल्या धड्यात येत नाही, सोडून द्या.)

तुम्ही काँग्रेसवाले असाल तर तुमच्या हाती हुकमी पान आहे: राजीनामे. हल्ला संपल्यावर आठवड्याभरात केंद्रात गृहमंत्री शिवराज पाटील गेले, राज्यात मुख्यमंत्री विलासराव गेले, गृहमंत्री आर. आर. आबा गेले. आबांचं 'मोठ्या शहरात असं छोटंमोठं होतंच' अशा अर्थाचं एक हिंदी वाक्य नडलं, विलासरावांना ताजच्या पाहणीला सोबत नेलेली सिनेमावाली माणसं नडली. 'आमच्यात निदान लाज होती' असं म्हणून तीन बोटं वर करा आणि लगेच विषय बदला, कारण समोरचा पुढचं मोजू लागला तर पंचाईत. २००९ साली विलासराव केंद्रात मंत्री झाले. त्याच वर्षी विधानसभेनंतर आबा परत गृहमंत्री झाले, होय, त्याच गृहखात्याचे. २०१० उजाडता उजाडता शिवराजजी पंजाबचे राज्यपाल. तेव्हा ही नैतिक जबाबदारी साधारण भरपगारी रजेइतकी जड होती. आणि जुलै २०११ मध्ये झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस, दादरला स्फोट झाले, त्यानंतर राहुल गांधी म्हणाले की प्रत्येक हल्ला रोखणं फार अवघड आहे, ९९ टक्के आम्ही रोखू. हेच गणित आज एखाद्या भाजप मंत्र्याने मांडलं तर तो दगडाच्या काळजाचा आहे, असं तुम्ही म्हणायचं.

भाजपवाल्यांनी मात्र सव्वीस-अकरावर बोलताना एक पथ्य पाळावं: तेव्हाच्या राज्य मंत्रिमंडळाची यादी काढू नये. नारायण राणे, अशोक चव्हाण, छगन भुजबळ तिघेही त्यात होते. पहिले दोघे आता तुमच्याच पक्षात, तिसरे तुमच्या मांडीला मांडी लावून. दोष द्यायचा तो 'त्या सरकारला' द्यावा, त्यातल्या माणसांना नको.

मग येतो २२ एप्रिल २०२५. पहलगामच्या बैसरण पठारावर २६ जण मारले गेले, त्यांतले सहा आपल्या महाराष्ट्रातले, काही डोंबिवलीचे. डोंबिवलीत त्या दिवशी कुणाला तारीख विचारायचं भान नव्हतं. जम्मू-काश्मीरचे पोलीस आणि सुरक्षा केंद्राच्या, म्हणजे नायब राज्यपालांच्या ताब्यात. विधानसभेत उभं राहून माफीला शब्द नाहीत असं म्हटलं कुणी? मुख्यमंत्री ओमर अब्दुल्लांनी, ज्यांच्या हाताखाली साधा हवालदार नाही. नायब राज्यपाल मनोज सिन्हांनी जुलैत एका मुलाखतीत पूर्ण जबाबदारी घेतली. जबाबदारी घेतली आणि खुर्चीही ठेवली. ही पद्धत शिकून घ्या, राजीनाम्यापेक्षा कितीतरी सुटसुटीत.

त्या महिन्यात संसदेत चर्चा झाली तेव्हा एका बाजूने २००८ चे राजीनामे आठवले, दुसऱ्या बाजूने नेहरू. नेहरू कुठल्याही दुखण्यावर चालतात. विरोधकांकडे इतकं गुणकारी काही नाही, त्यांनी कंदाहारवर भागवावं: डिसेंबर १९९९, वाजपेयींचं सरकार, अपहरण झालेलं विमान अमृतसरला थांबून निघून गेलं, मसूद अझहरसह तिघे दहशतवादी सोडले, परराष्ट्रमंत्री जसवंतसिंह स्वतः त्या तिघांना नेणाऱ्या विमानातूनच गेले. कुणी उलट म्हणालं की पंतप्रधानांच्या दारात ओलिसांचे नातेवाईक आक्रोश करत होते, तर म्हणावं, कारणं देऊ नका.

एका जागी मात्र दोन्हीकडच्यांचं छान जमतं. १९६२ ला चीनकडून मार खाल्ला, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन गेले, हिमालयाच्या मदतीला आपला सह्याद्री, म्हणजे यशवंतराव चव्हाण, धावला. तो दिल्लीत पोचेतो चीनने युद्धविराम जाहीर केलेला. चुकलं कुठे, हे हेंडरसन ब्रुक्स आणि भगत या लष्करी अधिकाऱ्यांनी १९६३ मध्ये अहवालात लिहून दिलं. २०१० साली काँग्रेसचे संरक्षणमंत्री अँटनी म्हणाले, मजकूर फार नाजूक आहे, देता येणार नाही. मार्च २०१४ मध्ये विरोधात असलेल्या अरुण जेटलींनी लिहिलं की असे कागद कायमचे दडवून ठेवणं लोकहिताचं नाही. जुलै २०१४ मध्ये संरक्षणमंत्री अरुण जेटलींनी राज्यसभेत सांगितलं की ते उघड करणं देशहिताचं नाही.

तेव्हा तुमचा पक्ष सध्या विरोधात असेल तर तो अहवाल मागणारं खरमरीत पत्र आजच लिहायला घ्या. निवडणूक जवळ आली असेल तर जरा सावकाश लिहा. चुकून निवडून आलात, तर ते पत्र तुमच्याच टेबलावर येऊन पडायचं.