अकरा जणींपैकी एकटी सान्या

परवा भाचीने एक पोस्ट पाठवली आणि खाली विचारलं, "मावशी, हे खरंय का गं?" चित्रात 'स्ट्राइक विचेस' या २००८ साली टीव्हीवर आलेल्या जपानी अ‍ॅनिमेमधल्या, म्हणजे कार्टून मालिकेतल्या, जादूच्या जोरावर उडून लढणाऱ्या अकरा मुली होत्या. मजकूर साधारण असा: या सगळ्या दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या खऱ्या महिला फायटर पायलट आहेत, रशियाच्या 'नाइट विचेस' या पथकाची गोष्ट म्हणजेच ही मालिका, इतिहासाने या बायकांना गाडून टाकलं आणि जपानने त्यांना न्याय दिला. माझ्या ओळखीच्या चार जणींनी तरी ती पोस्ट पुढे पाठवली होती. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असणार, पण मजकुरातलं बहुतेक सगळं चूक आहे, आणि ज्या बायका खरोखर लढल्या त्यांचं त्यात नुकसान आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

"सगळ्या खऱ्या महिला पायलट." नाही. अकरापैकी दहा पात्रं पुरुष वैमानिकांवरून घेतलेली आहेत. हे शोधायला फार खणावंही लागत नाही, कारण बहुतेकींची आडनावं जशीच्या तशी ठेवली आहेत. एरिका हार्टमन म्हणजे जर्मनीचा एरिक हार्टमन. त्याच्या नावावर ३५२ विमानं पाडल्याची नोंद आहे, जगात सर्वांत जास्त. गेर्ट्रूड बार्कहॉर्न म्हणजे गेरहार्ड बार्कहॉर्न, ३०१ विमानं. मिना विल्के, पेरीन क्लोस्टरमन, फ्रान्चेस्का लुकिनी यांच्यामागे अनुक्रमे एक जर्मन, एक फ्रेंच आणि एक इटालियन पुरुष आहे. मुख्य नायिका मियाफुजी जपानच्या मुतो कानेयोशीवरून आली. लिनेट बिशपचं तर युद्धच वेगळं: तिचं मूळ असलेला कॅनडाचा बिली बिशप पहिल्या महायुद्धात गाजला.

मालिका करणाऱ्यांनी हे पुरुष किती बारकाईने अभ्यासले होते ते पाहिलं की मन भरून येतं, आणि पोस्टने नेमकं तेच पुसून टाकलंय याचं वाईट वाटतं. साकामोतोच्या एका डोळ्यावर पट्टी असते. तिचं मूळ साकाई साबुरो. ऑगस्ट १९४२ मध्ये पॅसिफिकमधल्या ग्वादालकनाल बेटावर त्याच्या डोक्याला गोळी लागली, एका डोळ्याची दृष्टी गेली, आणि तशा अवस्थेत जवळजवळ पाच तास विमान चालवत तो राबाउलच्या तळावर परतला. शार्लट येगरला वेगाचं वेड आहे, कारण अमेरिकेच्या चक येगरने १४ ऑक्टोबर १९४७ रोजी सरळ उड्डाणात ध्वनीचा वेग ओलांडला. एइला युटिलाइनेनला पुढचं आधीच दिसतं, त्यामुळे तिला मार लागत नाही. फिनलंडच्या इल्मारी युटिलाइनेनने ९४ विमानं पाडली आणि त्याच्या विमानाला शत्रूच्या विमानाची एकही गोळी लागली नाही, असं त्याच्याबद्दल सांगितलं जातं.

उरली सान्या लितव्याक. ती मात्र खरंच एका बाईवरून आली: लिडिया लितव्याक, जन्म मॉस्को, १९२१.

"म्हणजे नाइट विचेसचीच गोष्ट." हेही नाही, आणि इथला गोंधळ समजण्यासारखा आहे. १९४१ मध्ये मरीना रस्कोवा या नावाजलेल्या सोव्हिएत महिला वैमानिकाच्या पुढाकाराने सोव्हिएत हवाईदलात महिलांच्या तीन रेजिमेंट उभ्या राहिल्या. ५८६ वी लढाऊ विमानांची, ५८७ वी बॉम्बफेकी, आणि ५८८ वी रात्रीच्या बॉम्बफेकीची. जर्मन सैनिक ज्यांना 'रात्रीच्या चेटकिणी' म्हणायचे त्या या तिसऱ्या रेजिमेंटच्या मुली. त्यांच्याकडे पीओ-२ विमान होतं: लाकूड आणि कापडाचं, पंखांच्या दोन जोड्या असलेलं, मुळात शिकाऊ वैमानिकांसाठी बनवलेलं. लक्ष्याजवळ आलं की इंजिन मंद करून घरंगळत यायचं, बॉम्ब टाकायचे, परत फिरायचं, आणि त्याच रात्री पुन्हा निघायचं. युद्ध संपेपर्यंत त्यांनी २३,००० हून अधिक उड्डाणं केली. पण त्या फायटर पायलट नव्हत्या. शत्रूची विमानं हवेत गाठून पाडणं हे त्यांचं काम नव्हतं.

लिडिया ५८६ मधली. ती याक-१ हे लढाऊ विमान उडवायची आणि दिवसाउजेडी लढायची. मालिकेतली सान्या रात्रीच्या गस्तीवर असते म्हणून लोक दोन्ही गोष्टी एकत्र करतात. सप्टेंबर १९४२ मध्ये लिडिया आणि तिची मैत्रीण येकातेरिना बुदानोवा स्टालिनग्राडच्या आघाडीवर पुरुषांच्या रेजिमेंटमध्ये गेल्या. त्याच महिन्यात ५८६ च्या वलेरिया खोम्याकोवाने सारातोवजवळ रात्रीच्या अंधारात एक जर्मन बॉम्बफेकी विमान पाडलं, आणि दोनच आठवड्यांत रात्रीच्या उड्डाणात ती गेली. या तिघींची नावं पोस्टमध्ये कुठेही नाहीत. हार्टमनचा चेहरा आहे.

हा हार्टमन पूर्व आघाडीवर लढला. त्याने पाडलेली बहुतेक विमानं सोव्हिएत होती, म्हणजे लिडियाच्या बाजूची. मालिकेत शत्रू परग्रहावरच्यासारखा, काल्पनिक आहे, म्हणून जर्मन, रशियन, जपानी, अमेरिकन सगळ्या एका टेबलावर जेवतात. कथेत ते चालतं. पण "या सगळ्या खऱ्या" असं लिहिलं की मारणारा आणि मरणारी एकाच हारात ओवले जातात.

"जगभरच्या बायका लढत होत्या, इतिहासाने लपवलं." दुसऱ्या महायुद्धात महिलांच्या हाती लढाऊ विमान देऊन त्यांना आघाडीवर पाठवणारा देश एकच होता, सोव्हिएत संघ. अमेरिका आणि ब्रिटनच्या महिला कारखान्यातून तळापर्यंत विमानं पोहोचवायच्या. तेही जिवावरचं काम होतं, पण लढाईत त्यांना जाऊ दिलं नाही.

राहिलं लपवण्याचं. रात्रीच्या चेटकिणींपैकी वीसहून अधिक जणींना 'सोव्हिएत संघाचा वीर' हा सर्वोच्च सन्मान मिळाला. त्यांना कोणी लपवलं नव्हतं. अन्याय झाला तो लिडियावर. १ ऑगस्ट १९४३ रोजी पूर्व युक्रेनमधल्या दोनबासच्या आकाशात ती दिसेनाशी झाली. बाविसाव्या वाढदिवसाला सतरा दिवस होते. मृतदेह सापडला नाही, त्यामुळे ती जर्मनांच्या हाती लागली असेल असा संशय घेतला गेला आणि सन्मान अडकला. तिच्या विमानाची मेकॅनिक इन्ना पासपोर्तनिकोवा युद्धानंतर कित्येक वर्षं तिचा माग काढत राहिली. १९९० मध्ये लिडियाला तो सन्मान मिळाला, मालिका येण्याच्या अठरा वर्षं आधी. तो मिळवून देण्यासाठी झटली ती तिच्याच विमानाची काळजी घेणारी बाई.

भाचीला मी हे सगळं लिहून पाठवलं. पोस्ट पुढे पाठवणाऱ्यांना एकच विनंती: चित्र खुशाल ठेवा, मजकूर बदला. सान्याच्या चेहऱ्याखाली 'लिडिया लितव्याक, १९२१–१९४३' असं लिहा, आणि बाकीच्या दहा चेहऱ्यांखाली ज्याचं त्याचं नाव.