दुःखाचा बाजार? 'वेस्ट नॉट'वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

चिनी कलाकार सॉन्ग डॉन्ग याच्या 'वेस्ट नॉट' या घरातल्या वस्तूंच्या मांडणीवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत की, वडील गेल्यावर आईने साठवलेला पसारा संग्रहालयात मांडणं म्हणजे दुःखाचा बाजार. घरातलं दुःख घरातच राहावं. शेवटी विचारलंत, "मग आमच्या माळ्यावरचं सामान कला का नाही?" तुमचा राग मला कळतो. पण या कामावर तो अन्याय आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

ते दुःख आधी घरातच होतं. बीजिंगच्या सॉन्ग डॉन्गचे वडील २००२ मध्ये गेले. आई झाओ शियांगयुआन टंचाईत संसार केलेली बाई, काहीही टाकायचं नाही ही तिची जुनीच सवय. नवरा गेल्यावर मात्र ती सवय हाताबाहेर गेली. मुलं आवरायला गेली की तिला ते सहन होईना. चार भिंतींच्या आत राहून दुःख निवळतंच असं नाही. इथे तर माणसाला वावरायला जागा उरली नव्हती.

मग मुलाने आईलाच या कामात घेतलं. २००५ मध्ये बीजिंगमध्ये घराचा लाकडी सांगाडा आणि दहा हजारांहून जास्त वस्तू मांडल्या: टूथपेस्टच्या पिळून संपवलेल्या ट्यूबा, बाटल्यांची झाकणं, घमेली, चपला-बूट, कापडाचे तुकडे. वर निऑन दिव्यांच्या अक्षरांत वडिलांना निरोप होता की काळजी करू नका, आई आणि आम्ही सगळे बरे आहोत. वस्तू लावण्यात आई होती आणि दालनात येणाऱ्यांशी बोलायलाही तीच होती. लोक आपापल्या घरच्या गोष्टी तिला सांगत. तुम्ही म्हणता तो बाजार असता, तर विकली जाणारी बाई अशी मध्यभागी बसून स्वतःच बोलली असती का?

त्यातल्या साबणाच्या वड्यांबद्दल सांगायलाच हवं. साबण रेशनवर मिळायचा त्या काळात तिने त्या पुढे मुलाच्या संसाराला होतील म्हणून जपून ठेवल्या. लग्नानंतर तो म्हणाला, आमच्याकडे वॉशिंग मशीन आहे, नकोत. तरी तिने त्या त्याच्यासाठी ठेवल्याच. वाळून दगड झालेल्या त्या वड्या बघताना मला त्यात पसारा दिसत नाही.

वडिलांबाबतही तेच. १९९७ मध्ये सॉन्ग डॉन्गने स्वतःच्या हाताचं व्हिडिओचित्रण वडिलांच्या अंगावर प्रक्षेपित केलं. प्रत्यक्ष हात लावण्याइतकी जवळीक बापलेकांत नव्हती, ती त्या उजेडाच्या हाताने साधली. हे वडील हयात असताना आणि त्यांच्या संमतीने झालं, हे विसरू नका.

तुमचा आक्षेप फ्रेंच कलाकार सोफी काल हिच्या कामाला जास्त लागू पडतो. तिने मरणपंथाला लागलेल्या आईच्या उशापायथ्याशी कॅमेरा लावला आणि ते चित्रण २००७ मध्ये व्हेनिसच्या कलाप्रदर्शनात दाखवलं. तिथे मीही अस्वस्थ होते, त्या आईला आपल्यावर काम व्हावंसं वाटत होतं हे माहीत असूनही.

राहता राहिला तुमचा माळा. आपल्याकडे चौदावा उरकला की भंगारवाल्याला फोन जातो आणि कुठली बरणी कशासाठी ठेवली होती हे विचारायला कुणी उरलेलं नसतं. झाओ २००९ मध्ये गेल्या. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये 'वेस्ट नॉट' मांडलं गेलं, तेव्हा त्या नव्हत्या. पण कोणती वस्तू कशासाठी ठेवली हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तुमच्या माळ्यावरचं सामान ज्यांनी ठेवलं ती माणसं अजून असतील, तर त्यांना वर नेऊन विचारा. कला ठरो न ठरो, ते ऐकायला मला नक्की आवडेल.