पिओरियातली फोडणी

शिकागोहून नैऋत्येला निघालं की अडीच-तीन तासांत इलिनॉय नदीकाठचं पिओरिया येतं. २०२० च्या जनगणनेनुसार वस्ती १,१३,१५०. बुलडोझर बनवणाऱ्या कॅटरपिलर कंपनीचं मुख्यालय इथे अनेक दशकं होतं, त्यामुळे आपली मंडळीही बरीच. रात्री नऊनंतर रस्त्यावर चिटपाखरू नसतं. कुणी हॉर्न वाजवत नाही, कुत्रीसुद्धा हळू आवाजात भुंकतात. या शांततेला खिंडार पाडायचा अधिकार नव्या भाडेकरूच्या हाती असतो, आणि तो बहुधा पहिल्याच आठवड्यात, वरणाला फोडणी देताना, धुराने स्मोक अलार्म वाजवून बजावला जातो.

इलिनॉय राज्याचा कायदा म्हणतो, झोपायच्या प्रत्येक खोलीपासून १५ फुटांच्या आत स्मोक अलार्म हवा. अलार्म बनवणारे म्हणतात, शेगडीपासून तो निदान १० फूट लांब ठेवा. एका बेडरूमच्या अपार्टमेंटात या दोन्ही अटी एकदम पाळायच्या तर आर्किटेक्टला भिंतीत घुसावं लागेल. तो घुसत नाही. म्हणून बेडरूमच्या दारावरचा अलार्म तुमच्या कढईकडे तोंड करून बसलेला असतो. दहा फुटांवरूनही त्याचा आवाज ८५ डेसिबल भरतो. खाली उभं राहून टॉवेल हलवणाऱ्याला किती भरत असेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

तो खाली उतरवता आला तर मागची बाजू वाचा. आयोनायझेशन प्रकारच्या अलार्ममध्ये कणभर अमेरिसियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य असतं. त्याच्यामुळे आतल्या हवेतून बारीकसा विद्युतप्रवाह वाहतो आणि धुराचे कण आले की तो घटतो. गरम तेलाचे डोळ्यांना न दिसणारे कणही त्याला पुरतात. म्हणजे तुम्हाला धूर दिसायच्या आधी त्याला दिसतो, आणि आपण निरपराध असल्याची आपली खात्री असते ती यामुळेच. फोटोइलेक्ट्रिक प्रकार प्रकाशावर चालतो आणि तेलाच्या बाबतीत जरा समजूतदार असतो. स्वयंपाकघराजवळ तोच लावून द्या, अशी लेखी विनंती अपार्टमेंटच्या ऑफिसला करावी. तोंडी केलेली विनंती मेंटेनन्सवाला हसून ऐकतो आणि हसतच विसरतो.

आता शेगडी. जुन्या अपार्टमेंटात विजेच्या कॉइलची असते. बटण बंद केलं तरी कॉइल काही मिनिटं धगधगतच राहते. मोहरी तडतडली म्हणून घाईने बटण फिरवणाऱ्याची फोडणी नेमकी इथेच जळते. भांडं उचलून बाजूच्या थंड कॉइलवर ठेवायचं, बटण नंतर. तेल दोन मोठे चमचे, आच मध्यम. एक दाणा टाकून पाहायचा, तो उडाला की बाकीची मोहरी आणि झाकण. हिंग, हळद, सुक्या मिरच्या भांडं खाली उतरल्यावर, आणि लगेच वरण वर ओतायचं. फोडणीला विचार करायला वेळ दिला की ती धूर काढते. घाण्याचं तेल रिफाइंड तेलापेक्षा बरंच लवकर धुरावतं, तेव्हा देशाचा अभिमान सॅलडवर घालावा.

काचेच्या सपाट शेगडीवर दुसरी गंमत. भारतातून सामानात जपून आणलेली गोल बुडाची कढई आणि फोडणीची पळी तिला नाण्याएवढ्या जागेतच टेकतात. सपाट बुडाचं छोटं भांडंच घ्या.

सगळा दोष हिंगाला देऊ नका. कॉइलखाली एक ताटली असते. आधीच्या भाडेकरूचं बेकन आणि तुमचं कालचं उतू गेलेलं दूध तिथे सुखाने नांदत असतं. आच वाढली की पहिल्यांदा धुरावते ती ताटली. कॉइल पूर्ण गार झाल्यावर थोडी उचलून ओढली की निघते. ताटली गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून भिजवा. कॉइल मात्र पाण्यात बुडवू नका.

शेगडीवरचा पंखा मोठ्या आत्मविश्वासाने घोंघावतो. त्यावरचं कपाट उघडून पाहा. आत पाइप दिसला तर धूर बाहेर जातो. पाइपऐवजी प्लेटा दिसल्या, तर पंखा धूर जाळीतून ओढून तुमच्याच कपाळावर परत सोडतो.

म्हणजे उरली खिडकी. जानेवारीतल्या पहाटे इथे पारा साधारण उणे आठ सेल्सिअसपर्यंत उतरतो, तरी खिडकी उघडायचीच, आणि तीही तेल तापायच्या आधी. एका खिडकीत बाहेर तोंड करून पंखा, दुसरी चार बोटं उघडी. कॉरिडॉरचं दार मात्र मेलं तरी उघडू नये. घरातला एकटा अलार्म बहुधा घरातच ओरडतो. कॉरिडॉरमधला साधारणपणे अख्ख्या इमारतीच्या यंत्रणेला जोडलेला असतो. तो वाजला की चार मजल्यांची माणसं पायजम्यात, मांजरं पिंजऱ्यात घालून, बर्फात उभी राहतात आणि लाल बंब येतो. शेजाऱ्यांशी ओळख व्हावी असं वाटत असेल तर याहून स्वस्त उपाय आहेत.

अलार्मवर शॉवर कॅप चढवण्याचा सल्ला कुणीतरी देईलच. मानू नका. अलार्म निकामी करणं बेकायदा आहे, आणि खरी आग लागली तर कॅप अगदी शेवटपर्यंत इमानाने काम करते. त्यापेक्षा मधलं ‘हश’चं बटण दाबा. काही मिनिटं शांतता मिळते, तेवढ्यात फोडणी उरकते.

पहाटे तीनला मिनिटाला एकदा ‘चिक्’ ऐकू आलं, तर ती फोडणीची शिक्षा नाही. रात्री घर गार पडतं, म्हातारी बॅटरी आणखी मंदावते आणि अलार्म कुरकुरतो. आवाज इतका तीक्ष्ण असतो की कुठून येतोय ते कळत नाही, म्हणून प्रत्येकाखाली एकेक मिनिट उभं राहावं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा असू शकतो, त्यालाही विसरू नये. बॅटरी बदलूनही चिकचिक थांबली नाही तर मागची तारीख बघा. दहा वर्षं झाली असतील तर अख्खा अलार्मच बदलायचा असतो. लयही कान देऊन शिकून घ्या: तीन-तीन टोले धुराचे, चार-चार कार्बन मोनॉक्साइडचे. चार ऐकू आले तर टॉवेल शोधू नका, आधी बाहेर पडा आणि बाहेरून ९११ या आणीबाणीच्या नंबरला फोन करा.

आणि महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला सगळं शहर भोंग्याने दणाणतं, ती वादळाच्या भोंग्यांची चाचणी असते. त्यात तुमचा काही हात नाही. पोहे परतत राहा.