डुकराचा डावा कान

मी भूमी अभिलेख खात्यात होतो, हे जावयाने त्याच्या वडिलांना सांगितलं नसतं, तर अमेरिकेतल्या केंटकी राज्यातला माझा उन्हाळा लेकीच्या अंगणात खुर्ची टाकून हरणं बघण्यात गेला असता. पण जावई बोलघेवडा. "बाबांना दोनशे वर्षांपूर्वीचे कागद वाचता येतात," असं तो जेवताना बोलून गेला आणि व्याह्यांनी हातातला काटा खाली ठेवला. वारस नोंदीचं काम अडलेली माणसं रविवारी सकाळी घरी येऊन ज्या नजरेने बघायची, तीच ती नजर. साता समुद्रापार येऊनही ओळखू आली.

व्याही पूर्वी तंबाखू पिकवायचे, आता गाई पाळतात. मला ते 'राव' म्हणतात, कारण त्याआधीचा भाग त्यांच्या जिभेला झेपत नाही. त्यांचं इंग्रजी मला निम्मं कळतं, माझं त्यांना निम्मं कळतं, त्यामुळे आमच्यात आजवर मतभेद झालेला नाही.

काम असं होतं. त्यांचे खापरपणजोबा बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे उपदेशक होते. घरात त्यांचा उल्लेख 'एल्डर' असाच होतो. नाव मी मुद्दाम देत नाही, कारण त्या नावाची माणसं आजही अर्ध्या काऊंटीत (म्हणजे तिथल्या जिल्ह्यात) आहेत आणि उरलेल्या अर्ध्या काऊंटीत त्यांच्या सासुरवाड्या. ऑगस्टात सगळ्या खानदानाचा मेळावा होता. विहीणबाईंनी त्यासाठी 'एल्डर, जन्म १८१२' असं छापलेले कॉफीचे मग आधीच करून घेतले होते. आता फक्त एल्डर कुठून आले, त्यांचे आईवडील कोण, एवढंच शोधायचं राहिलं होतं. "तुम्हाला काय, दोन दिवसांचं काम," असं व्याही म्हणाले. हे वाक्य मी मराठीतही पुष्कळ ऐकलंय.

आपल्याकडे सांगली-कोल्हापूरच्या बाजूला हेळवी येतो, चोपडी उघडतो आणि तुमच्या घराण्यात कोण कुठून आलं, कोण निपुत्रिक गेलं, हे घडाघडा म्हणून दाखवतो. ख्रिस्ती लोकांच्यात तर चर्चची वहीच असते, बाळ जन्मलं की बाप्तिस्मा, बाप्तिस्मा झाला की आईबापाच्या नावासकट नोंद, अशी माझी समजूत. ती अँग्लिकन आणि कॅथलिक मंडळींना लागू. बाप्टिस्टांचं सगळं तत्त्वज्ञानच याच्या उलट! बाळाला काय कळतं, म्हणून बाळाला बाप्तिस्मा नाही. माणूस मोठा होणार, पाप-पुण्याचा अनुभव घेणार, मंडळीसमोर उभा राहून तो सांगणार, मग त्याला ओढ्यात अख्खा बुडवून काढणार. त्या वेळी त्याच्या आईचं नाव कोण विचारतो? शिवाय प्रत्येक चर्च स्वतंत्र. वर बिशप नाही, जिल्हा कार्यालय नाही, कागद वर पाठवायची पद्धत नाही. जे काही लिहिलं, ते त्या चर्चच्या कारकुनाच्या घरी. कारकून गेला की वही त्याच्या मुलाकडे, मुलगा गेला की माळ्यावर, आणि माळा गेला की संपलं.

सरकारचा तरी आधार असावा, तर केंटकीत जन्म-मृत्यूची राज्यभर कायमची नोंद सुरू झाली १९११ साली. जनगणना १७९० पासून आहे, पण १८४० पर्यंत त्यात फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव. बाकीच्यांचे वयोगटाच्या रकान्यांत नुसते आकडे. दहा ते पंधरा वयाचे पुरुष दोन. त्या दोनांतला एक एल्डर असणार. कुठला, ते ओळखा! १८५० पासून सगळ्या स्वतंत्र माणसांची नावं लिहू लागले, पण घरातल्या कुणाचं कुणाशी काय नातं, हे विचारायला १८८० उजाडलं. १८९० ची जनगणना वॉशिंग्टनला १९२१ च्या आगीत सापडली आणि जवळपास सगळी नाहीशी झाली. ती आम्हाला लागणार नव्हती, पण व्याह्यांनी तिच्यासाठीही हळहळून घेतलं.

बरं, जी नोंद आहे ती तरी धड असावी. १८५० साली एल्डरचं वय ३८, १८६० साली ४६, १८७० साली ६०. म्हणजे आधीच्या दहा वर्षांत माणूस आठ वर्षांनी म्हातारा झाला आणि पुढच्या दहात चौदा वर्षांनी. मध्ये यादवी युद्ध होऊन गेलं हे धरलं, तरी जास्तच. प्रगणक दारात आला की जो कोणी घरी असेल तो अंदाजाने आकडा सांगायचा. मगांवरचं १८१२ हे त्या पहिल्या अंदाजातून आलेलं. हे मी विहीणबाईंना सांगितलं नाही. मग भरपूर होते.

इंटरनेटवर आयत्या वंशावळी मिळतात. एका वंशावळीत एल्डरना एका इंग्लिश सरदाराच्या घरात दत्तक दिल्यासारखं चिकटवलं होतं, आणि त्यात त्यांची आई त्यांच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान होती. ही वंशावळ अनेकांनी जशीच्या तशी उतरवून घेतली होती. आमच्या खात्यात निदान नकलेवर सही-शिक्का लागायचा.

तर मग एल्डर शोधायचे कुठे? हे लोक आठवडाभर नांगर धरायचे आणि शनिवार-रविवार घोड्यावर. एकेका उपदेशकाकडे तीन-चार चर्च, प्रत्येकाच्या वाट्याला महिन्यातला एक रविवार. आदल्या दिवशी, शनिवारी, चर्चची कामकाजाची बैठक. ठरलेला पगार बहुधा नाहीच. वर्गणी म्हणून मका, खारवलेलं मांस, कधी कधी व्हिस्कीसुद्धा. व्हिस्कीचं वाचून व्याह्यांनी तळघरातल्या कपाटाकडे पाहिलं. विहीणबाई कडक बाप्टिस्ट, घरात थेंब चालत नाही. कपाटात रंगाच्या डब्यांमागे एलाइजा क्रेग नावाच्या बर्बन व्हिस्कीची बाटली असते. हे क्रेगही बाप्टिस्ट उपदेशकच, अठराव्या शतकातले, आणि त्यांची भट्टी होती हे खरं. बर्बनचा शोध त्यांनीच लावला ही मात्र दंतकथा. व्याह्यांना त्यातलं पहिलं पुरेसं आहे.

एल्डर ज्या चर्चच्या आवारात पुरलेत, त्या चर्चची जुनी वही एका आजीबाईंकडे होती. त्यांचे पणजोबा तिथले कारकून. आजीबाईंनी आम्हा दोघांना आधी साबणाने हात धुवायला लावले, पुसायला स्वतंत्र टॉवेल दिला आणि मगच गोधड्यांच्या पेटीतून वही काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. तपकिरी पडलेली शाई, आणि अक्षर असं की कारकून बहुतेक घोड्यावर बसूनच लिहायचा. व्याह्यांना एक ओळ लागेना. पण ज्याने मोडी वाचलीय, त्याला शब्द तोडलेले, टिंबं गाळलेली, नावं आखडलेली, याचं काय मोठं? विल्यमचं नुसतं 'डब्ल्यू एम', जॉनचं 'जे एन ओ'. तासाभरात मी सुरात वाचायला लागलो. आजीबाईंनी विचारलं, हे गृहस्थ कुठले? व्याही म्हणाले, इंडियाचे. आजीबाईंना बाप्टिस्ट मिशनरी विल्यम कॅरीचं नाव लहानपणापासून पाठ होतं. मी सांगितलं, की याच कॅरींनी १८०५ साली बंगालमधल्या सेरामपूरहून आमच्या भाषेचं व्याकरण छापलं आणि १८१० साली मोडी टाइप वापरून शब्दकोश. आजीबाईंनी मला 'पाय' या गोड पदार्थाचा दुसरा तुकडा वाढला. कॅरींचे उपकार मराठी माणसावर असे अजून सुरू आहेत.

त्या वहीत काय होतं? भांडणं. प्रत्येक बैठकीची सुरुवात 'मंडळीत शांतता आहे का, याची चौकशी केली' अशी, आणि शांतता कधीच नाही. अमका बंधू प्याला. तमकी भगिनी नाचाला गेली. दोघांनी कुंपणावरून हातघाई केली. चौकशीला माणसं पाठवली, पश्चात्ताप झाला, परत घेतलं. नाही झाला, काढून टाकलं. जो सज्जन दर महिन्याला येऊन बाकावर बसला आणि मुकाट घरी गेला, त्याचा वहीत एक शब्द नाही. मला हे पटलं. ज्या जमिनीवर वाद नाही तिची फाईल बारीकच असते.

आणि माणसं एकेकटी भांडून भागेना, तर चर्चच फुटायचं. आपल्याकडे गणेश मंडळ फुटून शेजारच्या गल्लीत 'नवीन' नावाचं दुसरं उभं राहतं ना, अगदी तसं. मिशनला पैसे पाठवायचे की नाहीत यावरून फुटले, अलेक्झांडर कॅम्पबेल नावाच्या सुधारक उपदेशकाच्या मागे काही गेले, आणि गुलामगिरीच्या प्रश्नावर १८४५ मध्ये दक्षिणेतल्यांनी जॉर्जियातल्या ऑगस्टा शहरात वेगळी संघटनाच काढली. 'आत्म्यातली दोन बीजं मानणारे पूर्वनियतिवादी बाप्टिस्ट' असाही एक पंथ होता. हा मी रचलेला नाही.

वहीत १८३८ साली एक ओळ सापडली: एल्डरना अमुक चर्चच्या पत्रावरून दाखल करून घेतलं. सदस्य गाव सोडताना जुन्या मंडळीकडून चांगल्या वर्तणुकीचं पत्र आणायचा. शाळा सोडल्याचा दाखलाच. ते आधीचं चर्च दुसऱ्या काऊंटीत, आणि त्याच्या वहीची मायक्रोफिल्म निघाली नॅशव्हिलच्या बाप्टिस्ट संग्रहात.

तिथे एल्डरवर तक्रार होती. डुकराची.

त्या काळी डुकरं रानात मोकळी सोडायचे. कुणाचं कुठलं, हे कळावं म्हणून कानांवर खुणा करायच्या आणि ती खूण काऊंटी कोर्टाच्या हुकूमवहीत नोंदवायची. एल्डरची खूण: डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं, उजव्या कानाला खालून खाच. तक्रारदार डीकनची (हा चर्चचा पदाधिकारी) खूण: उजव्या कानाला खालून खाच, बस्स. म्हणजे डीकनचं डुक्कर धरून डावा कान तेवढा कापला, की ते एल्डरचं! मी वाचता वाचता उठून उभा राहिलो. अख्ख्या नोकरीत इतका सुबक फेरफार पाहिला नव्हता. चर्चने तीन बंधूंची समिती नेमली. प्रकरण महिनोन्‌महिने पुढे ढकललं गेलं, कारण मुख्य पुरावा तोपर्यंत खाऊन झाला होता. शेवटी 'विषय सोडून द्यावा' असा ठराव झाला, पुढच्याच महिन्यात एल्डरनी पत्र मागितलं आणि मंडळीने ते इतक्या तत्परतेने दिलं, की त्यातच सगळं आलं.

व्याही दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग स्वतःच म्हणाले, की ती खूण कोर्टात नोंदवलेली असेल तर बघूया. त्या काऊंटीच्या कोर्टहाऊसच्या तळघरात, लोखंडी फडताळावरच्या वजनदार वहीत, रस्तादुरुस्ती आणि एका अनाथ मुलाचा पालक यांच्यामध्ये ती सापडली. पुढे लिहिलं होतं: 'ही खूण पूर्वी त्याच्या वडिलांची', आणि वडिलांचं नाव. जे जनगणनेने सांगितलं नाही, चर्चने विचारलं नाही, ते डुकराच्या कानाने सांगितलं. व्याह्यांनी मला मिठी मारली. आईचं नाव कुठेच नाही. डुकरावरच्या खुणा बापाकडून येतात.

जन्मतारखेचा निकाल थडग्यावर लागला. दगड झिजलेला, ऊन डोक्यावर, गवतात बारके लाल किडे, जे चावलेले दुसऱ्या दिवशी कळतात. दगडावर खडू किंवा दाढीचा फेस लावायचा नसतो, दगड खराब होतो. लेकीच्या न्हाणीघरातला आरसा आणला होता. व्याह्यांनी तो बाजूला धरून ऊन तिरपं पाडलं आणि अक्षरं उठून आली. मृत्यू ३ मार्च १८७८, वय ६८ वर्षं, ४ महिने, ११ दिवस. बोटांवर उलटं मोजत गेलो: २३ ऑक्टोबर १८०९. व्याही म्हणाले, "मगांचं मी सांगणार नाही." मी म्हटलं, "मीही नाही."

एक कागद मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. १८५० च्या जनगणनेत गुलामांचं वेगळं पुस्तक आहे. त्यात मालकाचं नाव, खाली वय, लिंग, वर्ण. एल्डरच्या नावाखाली दोन ओळी: एक स्त्री, ३० वर्षं, एक मुलगा, ८ वर्षं. नावांना रकानाच नाही. पण आजीबाईंच्या वहीत त्या स्त्रीचं नाव होतं. तिने मंडळीसमोर आपला अनुभव सांगितला होता, तिला ओढ्यात बुडवून बाप्तिस्मा दिला होता. पहिलं नाव, आणि आडनावाच्या जागी 'एल्डरची'. अशा माणसांचे वंशज शोध घेतात तेव्हा बहुतेकांची वाट १८७० च्या जनगणनेपाशी अडते, कारण त्याआधी नावच नाही. विहीणबाई म्हणाल्या, मेळाव्यात मुलं असतील, हे कशाला? व्याही म्हणाले, डुक्कर सांगायचं आणि हे नाही, असं कसं? त्यांनी वहीच्या त्या पानाची छायाप्रत आजीबाईंच्या परवानगीने काऊंटीच्या वाचनालयात दिली आणि तक्त्यावर ते नाव स्वतःच्या हाताने लिहिलं. मुलाचं नाव आम्हाला मिळालं नाही.

मेळावा दणक्यात झाला. डुकराचं प्रकरण वाचून दाखवल्यावर एक चुलतभाऊ भडकला, आमच्या घराण्यात चोर नाहीत म्हणून. दुसरा म्हणाला, आहेत, आणि २००४ साली तू नेलेली माझी ट्रॉली अजून आलेली नाही. जेवणात भाजलेलं डुक्कर होतं. चहा-कॉफी सगळ्यांना १८१२ च्या मगांतून.

भांडी आवरताना विहीणबाई माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "राव, यांच्या माणसांनी तुम्हाला फार छळलं. माझं माहेर बार्ड्सटाउनचं, कॅथलिक. तिथे जन्म, लग्न, मृत्यू, सगळं चर्चच्या वहीत लिहिलेलं आहे. एकही पान गहाळ नाही."

मी म्हटलं, वा!

"फक्त लॅटिनमध्ये आहे," त्या म्हणाल्या.