सीझ इंजिन, ऑटोमॅटिक गाडी आणि तो 'बोल्ट सोडा नि ओढा' मेसेज

एक मेसेज सगळीकडे फिरतोय की इंजिन सीझ झालं (आतून जाम होऊन फिरेनासं झालं) असेल तर गाडी डी (ड्राइव्ह) मध्ये टाकून टो करा, सुटेल, नाहीच सुटलं तर बेलहाऊसिंगचे (इंजिनला जोडलेल्या गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या तोंडाचे) बोल्ट सोडा, फटीत पहार घाला आणि इंजिन ओढून घ्या, ऑटोमॅटिक काय नि मॅन्युअल काय सगळं सारखंच. चिपळूणच्या २०२१ च्या पुरात बुडून तेव्हापासून उभ्या असलेल्या गाड्यांचे मालकही हे वाचतात, म्हणून लिहितोय.

सारखं अजिबात नाही. मॅन्युअलमध्ये गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटमधून सरळ सरकून बाहेर येतो. ऑटोमॅटिकला त्या क्लच प्लेटऐवजी टॉर्क कन्व्हर्टर (ऑइलमधून इंजिनचा जोर गिअरबॉक्सला देणारा गोल डबा) असतो, तो फ्लेक्सप्लेट नावाच्या पातळ गोल प्लेटला बोल्टने घट्ट आणि फ्लेक्सप्लेट क्रँकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरणाऱ्या दांड्याला. खालचं झाकण काढलं तरी एका वेळी एखादाच बोल्ट समोर येतो, पुढचा आणायला क्रँक फिरवावा लागतो आणि तोच तर जाम आहे! अशात पहार घातली की कन्व्हर्टर इंजिनसोबत वाकडातिकडा ओढला जातो, त्याचा दांडा गिअरबॉक्सच्या ऑइल पंपात बसलेला असतो, इंजिनचं सगळं वजन त्यावर येतं आणि सील, बुश, कधी पंपच जातो. म्हणजे चांगला गिअरबॉक्स हकनाक घालवला.

टो करायचं तर विसराच. तो पंप इंजिनवर चालतो, इंजिन बंद तर प्रेशर नाही, प्रेशर नाही तर गिअरबॉक्सच्या आतले क्लच पकडणारच नाहीत, चाकांचा जोर इंजिनपर्यंत पोचतच नाही, उलट गिअरबॉक्स ऑइलविना घासतो.

मग करायचं काय? आधी एसी वगैरे फिरवणारा बाहेरचा बेल्ट (टायमिंग बेल्ट नव्हे) काढून बघा, कधीकधी एसीचा कॉम्प्रेसरच जाम असतो. प्लग काढा, सिलिंडरमध्ये पाणी असेल तर निघेल, मग गंज सोडवणारं तेल घालून चार-पाच दिवस ठेवा आणि क्रँक पुलीच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून घट्ट करायच्या दिशेनेच हळूहळू जोर द्या, झटके नकोत. असं फिरू लागलं की कन्व्हर्टरचे बोल्ट एकेक करून निघतात.

नाहीच हललं तर इंजिन-गिअरबॉक्स एकत्रच चेन ब्लॉकने (साखळीच्या कप्पीने) उचला. जमिनीवर दोन्हीला आधार देऊन, खाली ट्रे ठेवून (ऑइल सांडणारच), सरळ रेषेत वेगळे करा, कन्व्हर्टर इंजिनला चिकटून येईल तो येऊ द्या. आता भोवती बेलहाऊसिंग नाही, त्यामुळे सगळ्या बोल्टपर्यंत बाजूने पाना पोचतो. दुसरं इंजिन जोडताना मात्र कन्व्हर्टर आधी गिअरबॉक्समध्ये फिरवत फिरवत पूर्ण आत बसवा, अर्धवट बसला असताना बोल्ट आवळले तर पंप तिथेच फुटतो.