श्वास धरा, काका!

दारावर माझ्या नावाखाली 'वरिष्ठ क्ष-किरण तंत्रज्ञ' अशी पाटी आहे. वरिष्ठ म्हणजे काय, तर जे पेशंट कुणाचंच ऐकत नाहीत ते माझ्याकडे पाठवले जातात. सिंधुदुर्गात अशांची टंचाई मला तरी कधी भासलेली नाही.

छातीचा फोटो म्हणजे बटण दाबलं की झालं, असं लोकांना वाटतं. छाती स्टँडला टेकवायची, हनुवटी वर, हात कमरेवर, कोपरं पुढे. तेव्हा कुठे खांद्याची पाती फुफ्फुसांवरून बाजूला सरकतात. मग खरी परीक्षा. श्वास पूर्ण आत घेऊन धरायचा. अर्धवट घेतला तर हृदय उगाच मोठं दिसतं, फुफ्फुसांचा तळ धुरकट येतो आणि बोलणी मला बसतात. आमचा माणूस जमिनीच्या वाटणीवरून तीन पिढ्या अबोला धरेल, पण श्वास धरा म्हटलं की त्याला नेमकं बोलायचं असतं.

"धरलंय मरे! आता सोडू काय?"

सुटला.

"काका, बोलायचं नाही."

"मी खंय बोललंय?"

१८९५ च्या नोव्हेंबरात रॉन्टजेनसाहेबांना हे किरण सापडले आणि डिसेंबरात त्यांनी बायकोचा हात प्लेटवर ठेवायला लावला. एक्स्पोजर चांगलं काही मिनिटांचं. ती माउली हलली नाही. आमचं काम पापणी लवायच्या आत होतं, तर तेवढ्यात पेशंट खोकतो. मात्र त्या ऐतिहासिक फोटोत बाईंच्या बोटातली अंगठी तश्शीच आहे. काढ म्हणायचं धाडस साहेबांना झालं नसावं. तोच पायंडा आमच्या काकी निष्ठेने चालवतात. मंगळसूत्र काढा म्हटलं की, "ह्यांका विचारूक होया." ह्ये बाहेर टपरीवर. पुरुष मोबाईल, किल्ल्या, चुन्याची डबी काढून मोकळे होतात आणि पोटाच्या फोटोत करगोट्याचा ताईत मुतखड्याला खेटून बसलेला सापडतो.

मे महिन्यात आमच्याकडे आंबे उतरतात आणि आंबे उतरवणारेही. उंचावरून टाचेवर आपटलेल्याचा कणाही बघावा लागतो, कारण दणका वरपर्यंत जातो. "पायाचो फोटो काढूचो तर कंबरेचो कित्याक?" या प्रश्नात मी कमिशन खातो असा स्पष्ट आरोप असतो. तो मी शिशाच्या एप्रनखाली घाम गाळत ऐकून घेतो.

हे सगळं परवडलं. पुढचं परवडत नाही. निदान सांगायचा अधिकार मला नाही, ते रेडिओलॉजिस्टचं काम. हे मी समजावून सांगतो, समोरचा मान डोलावतो आणि म्हणतो, "ता ऱ्हवांदे. काय गावला?"

"डॉक्टर सांगतील."

"तुका दिसला मां? मगे सांगूक काय होता? तुझ्या बापाशीक वळाखतंय मी!"

बापाची ओळख निघाली की आवरतं घ्यावं, नाहीतर नातं निघतं. मग ते माझा चेहरा वाचायला घेतात. म्हणून स्क्रीनकडे बघताना आठ्या घालायच्या नाहीत, च्यक करायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. मागच्या पावसाळ्यात दमट हवेने चष्म्यावर वाफ आली म्हणून मी जरा स्क्रीनजवळ वाकलो. बाहेर येईतो मुलाने गोव्याला, बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात न्यायला गाडी सांगितली होती, मुंबईच्या भावाला फोन लागला होता आणि एक काकू डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. फोटो मला तरी स्वच्छ दिसत होता. तेही सांगायची सोय नाही!

सुट्टीतही सुटका नसते. लांबचा एक भाचा वडिलांची फिल्म अंगणात उजेडाकडे धरतो आणि मोबाईलवर तिचा फोटो काढून पाठवतो. उजव्या फुफ्फुसात माड, खाली दोरीवरचा टॉवेल.

'काय वाटता?'

'डॉक्टरांना दाखव,' मी लिहिलं.

'ता दाखवतलंय. पण तुका काय वाटता?'

'माडाक नारळ बरे लागलेत.'

उत्तर तत्काळ आलं, 'माकडां ठेवतीत तर!'